ग्लायोब्लास्टोमा

ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूत उद्भवणारा व अतिशय वेगाने वाढणारा कर्करोग आहे. प्रौढ व्यक्तींच्या मेंदूतच सुरुवात होणाऱ्या कर्करोगांमध्ये हा प्रकार सर्वाधिक आढळतो व सर्वांत घातकही हाच होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याला चौथी, म्हणजे सर्वांत वरची श्रेणी दिलेली आहे. अमेरिकेतील नोंदींनुसार दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण ३ जणांना हा आजार होतो. निदानाच्या वेळी रुग्णाचे वय बहुधा साठीच्या पुढे असते आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे दीडपट आहे. रोग तसा विरळाच. पण तो विचार, वाणी आणि स्वभाव यांच्या मुळाशीच हात घालतो. शिवाय शंभर वर्षांच्या प्रयत्नांनंतरही तो पूर्ण बरा करणारा उपचार हाती आलेला नाही. या दोन कारणांमुळे वैद्यकीय संशोधनात त्याला मोठे स्थान मिळाले आहे.

शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे असे सर्व उपचार मिळूनही रुग्णाच्या आयुष्याचा मध्यक सव्वा ते दीड वर्ष इतकाच असतो. पाच वर्षांनंतर शंभरांपैकी साधारण पाच ते सात रुग्ण हयात असतात. येथे 'मध्यक' या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. सर्व रुग्णांना आयुर्मानाच्या चढत्या क्रमाने उभे केले, तर अगदी मधल्या रुग्णाचा जो कालावधी येतो, तो मध्यक. निम्मे रुग्ण त्याहून कमी जगतात, निम्मे अधिक. आणि त्या 'अधिक'मध्ये काही जण कित्येक वर्षे जगलेले असतात. एखाद्या विशिष्ट रुग्णाला 'तुमच्याजवळ पंधरा महिने आहेत' असे सांगणे म्हणूनच गणिताच्या दृष्टीनेही चुकीचे आहे.

नाव आणि वर्गीकरण

मेंदूत चेतापेशींखेरीज त्यांना आधार देणाऱ्या, त्यांचे पोषण व संरक्षण करणाऱ्या पेशी असतात. त्यांना ग्लायल पेशी म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सरस किंवा डिंक असा आहे, कारण या पेशी केवळ चिकटवून ठेवण्याचे काम करतात असा पूर्वीचा समज होता. या पेशींशी नाते सांगणाऱ्या अर्बुदांना ग्लायोमा हे नाव पडले. १९२६ मध्ये पर्सिव्हल बेली आणि हार्वी कुशिंग या अमेरिकी वैद्यांनी ग्लायोमांचे पद्धतशीर वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि 'ग्लायोब्लास्टोमा मल्टिफॉर्म' हे नाव रूढ झाले. मल्टिफॉर्म म्हणजे बहुरूपी. सूक्ष्मदर्शकाखाली एकाच गाठीत कुठे मृत ऊती, कुठे रक्तस्राव, कुठे वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या आणि नाना आकारांच्या पेशी दिसत, म्हणून हे विशेषण. २०१६ च्या वर्गीकरणात ते गळाले, तरी रुग्णालयांत 'जीबीएम' हे जुने संक्षिप्त रूप अजून सर्रास ऐकू येते.

पुढे वर्गीकरणाचा पाया केवळ दिसण्यावर न राहता जनुकांवर आला. २००८ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांना काही रुग्णांच्या अर्बुदांत आयडीएच-१ या जनुकात उत्परिवर्तन आढळले. असे उत्परिवर्तन असलेले रुग्ण तुलनेने तरुण असतात व अधिक काळ जगतात, हेही स्पष्ट झाले. २०२१ पासून आयडीएच जनुकात बदल नसलेल्या अर्बुदालाच ग्लायोब्लास्टोमा म्हणतात. बदल असलेल्यास ॲस्ट्रोसायटोमा हे निराळे नाव दिले जाते. जुने लेख वाचताना हा भेद लक्षात ठेवावा लागतो. त्यांतील आकडेवारीत दोन निराळे आजार मिसळलेले असतात आणि 'दहा वर्षे जगलेला जीबीएमचा रुग्ण' पुष्कळदा आजच्या व्याख्येनुसार ग्लायोब्लास्टोमाचा नसतोच.

रोगाचे स्वरूप

मराठीत आपण सहज म्हणतो, 'डोक्यात गाठ झाली आहे.' हा शब्द सोयीचा असला तरी या रोगाच्या बाबतीत दिशाभूल करणारा आहे. गाठ म्हटली की तिला कड असते आणि ती अखंड काढून टाकता येते असे वाटते. ग्लायोब्लास्टोमाला अशी कड नसते. चित्रात दिसणाऱ्या मुख्य भागाच्या कितीतरी पलीकडे त्याच्या पेशी एकेकट्या निरोगी मेंदूत शिरलेल्या असतात. चेतातंतूंच्या जुड्या आणि रक्तवाहिन्यांच्या कडा या त्यांच्या वाटा. दोन्ही मेंदूगोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या पुलावरून रोग पलीकडे गेला, तर दोन्ही बाजूंना पंख पसरल्यासारखी आकृती दिसते; तिला 'फुलपाखरी' अर्बुद म्हणतात. कर्करोग या शब्दातील कर्क म्हणजे खेकडा. सर्व दिशांना नांग्या टाकणारा हा रोग त्या नावाला पुरेपूर जागतो. मात्र इतका आक्रमक असूनही तो मेंदू व मज्जारज्जू यांच्याबाहेर, म्हणजे फुप्फुस, यकृत इत्यादी अवयवांत क्वचितच पसरतो.

अर्बुद इतक्या झपाट्याने वाढते की रक्तपुरवठा त्याला अपुरा पडतो. मध्यभागातील पेशी मरतात आणि प्राणवायूच्या टंचाईमुळे नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात. या वाहिन्या सदोष व गळक्या असतात. त्यांतून पाझरणाऱ्या द्रवामुळे भोवतालचा मेंदू सुजतो आणि कवटी ताठर असल्याने त्या सुजेला जागा मिळत नाही. रुग्णाला जाणवणारा पुष्कळसा त्रास या सुजेचाच असतो.

लक्षणे व निदान

सकाळी उठताना अधिक जाणवणारी व दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी, उलट्या, पूर्वी कधीही न आलेली फीट, हातापायाची एका बाजूची दुर्बलता, बोलताना शब्द न सापडणे, दृष्टीचा काही भाग नाहीसा होणे ही नेहमीची लक्षणे होत. अर्बुद मेंदूच्या पुढच्या भागात असेल, तर पहिले लक्षण स्वभावातील बदल हेच असू शकते. शांत माणूस चिडखोर होतो, व्यवहारचतुर माणूस हिशेब विसरतो. घरातील लोक ते वयावर किंवा मनस्तापावर ढकलतात आणि त्यात काही आठवडे निघून जातात. अर्थात डोकेदुखीच्या बहुसंख्य रुग्णांना असा कोणताही आजार नसतो, हेही तितकेच खरे.

निदानासाठी शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य देऊन एमआरआय तपासणी करतात. मध्यभागी काळपट आणि कडेने उजळलेले कडे असे चित्र सामान्यतः दिसते. भारतात मात्र केवळ कड्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. मेंदूतील क्षयाची गाठ, फीतकृमीच्या अळीमुळे होणारा न्यूरोसिस्टिसर्कोसिस आणि पू साठलेला गळू हेही असेच कड्यासारखे दिसू शकतात. यांवर औषधोपचार उपलब्ध आहेत आणि रुग्ण बरे होतात. म्हणून ऊतीचा तुकडा काढून तो तपासणे, म्हणजेच बायॉप्सी, अत्यावश्यक ठरते. त्याच तुकड्यावर जनुकीय चाचण्याही होतात.

कारणे

बहुसंख्य रुग्णांमध्ये कोणतेही कारण सापडत नाही. डोक्यावर पूर्वी झालेला किरणोत्साराचा मारा हे बाह्य कारणांपैकी पक्के सिद्ध झालेले कारण आहे. ली-फ्राउमेनी, लिंच यांसारख्या काही दुर्मीळ आनुवंशिक विकारांत धोका वाढतो. परंतु सर्वसाधारणपणे हा रोग घराण्यातून येत नाही. मोबाइल फोनविषयी बरीच भीती आहे. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकले होते. त्यानंतरच्या मोठ्या पाहण्यांत आणि जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या २०२४ मधील आढाव्यात मोबाइलचा वापर व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. रुग्णाने काय खाल्ले, काय टाळले, किती चिंता केली यांवरून त्याला किंवा घरच्यांना दोष देण्यास कोणताही आधार नाही.

उपचारांचा इतिहास

२५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली या शल्यविशारदाने एका तरुणाच्या मेंदूतील ग्लायोमा काढला. त्या काळी कवटीच्या आत पाहण्याचे कोणतेही साधन नव्हते. अलेक्झांडर ह्यूज बेनेट या वैद्याने केवळ हातापायाच्या हालचालींतील बिघाडावरून अर्बुदाची जागा ताडली होती आणि ते तेथेच सापडले. रुग्ण सुमारे महिनाभराने जंतुसंसर्गाने दगावला, तरी मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात ही घटना पहिल्या पायरीची मानतात.

शस्त्रक्रियेची मर्यादा पुढच्या पिढीत दिसून आली. १९२८ मध्ये वॉल्टर डँडी यांनी काही रुग्णांचा संपूर्ण उजवा मेंदूगोलार्ध काढून टाकल्याचे प्रसिद्ध केले. इतका टोकाचा उपाय करूनही रोग परतला. अर्धा मेंदू काढूनही जो जात नाही, तो केवळ चाकूने जाणार नाही, हे यानंतर कुणाला वेगळे सांगावे लागले नाही.

१९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीने किरणोपचाराचे मोल दाखवून दिले. शस्त्रक्रियेनंतर केवळ शुश्रूषा मिळालेल्या रुग्णांचा मध्यक १४ आठवडे होता. किरणोपचार मिळालेल्यांचा सुमारे ३५ आठवडे. त्यानंतर पाव शतकभर अनेक औषधे तपासली गेली, पण हा आकडा फारसा हलला नाही.

तो हलवला टेमोझोलोमाईड या औषधाने. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स यांच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात ते तयार झाले. ते गोळीच्या रूपाने घेता येते व मेंदूपर्यंत पोहोचते. रॉजर स्टुप यांच्या नेतृत्वाखाली ५७३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. केवळ किरणोपचारांनी मध्यक १२.१ महिने, तर औषध जोडल्यावर १४.६ महिने. अडीच महिन्यांची ही वाढ वाचणाऱ्याला क्षुल्लक वाटेल. पण दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले आणि पाच वर्षांनंतरचे १.९ वरून ९.८ टक्क्यांवर. म्हणजे लाभ सर्वांना थोडाथोडा वाटला गेला नव्हता. काहींना तो पुष्कळ मिळाला होता.

कोणाला, याचे उत्तर मोनिका हेगी यांच्या गटाने त्याच वेळी दिले. टेमोझोलोमाईड कर्कपेशीच्या डीएनएवर लहानसा रासायनिक घाव घालते. पेशीत एमजीएमटी नावाचे एक प्रथिन असते, ते हा घाव दुरुस्त करते. ज्या अर्बुदांत या प्रथिनाचे जनुक मेथिलीकरणामुळे मुके झालेले असते, तेथे दुरुस्ती होत नाही आणि औषध लागू पडते. अशा रुग्णांचा मध्यक औषधासह २१.७ महिने होता. जनुक जागे असलेल्यांचा १२.७. चाचणीत तपासलेल्या अर्बुदांपैकी सुमारे ४५ टक्के पहिल्या प्रकारची होती.

सध्याचे उपचार

प्रथम शक्य तितके अर्बुद काढतात. शस्त्रक्रियेपूर्वी ५-एएलए हे द्रव्य पाजल्यास निळ्या प्रकाशात कर्कपेशी गुलाबी-लाल चमकतात. २००६ च्या जर्मन चाचणीत या पद्धतीने दिसणारे अर्बुद पूर्ण काढण्याचे प्रमाण ३६ वरून ६५ टक्क्यांवर गेले. अर्बुद वाणीच्या केंद्राजवळ असेल, तर रुग्णाला जागे ठेवून शस्त्रक्रिया करतात. त्याला चित्रे दाखवून नावे विचारली जातात. मेंदूच्या एखाद्या बिंदूला सौम्य विद्युतस्पर्श करताच शब्द अडला, तर तो बिंदू राखून ठेवतात. बहुभाषिक रुग्णाची तपासणी एकापेक्षा अधिक भाषांत करावी लागते, कारण दोन भाषांच्या जागा तंतोतंत एकच असतील असे नाही.

त्यानंतर सहा आठवड्यांत ३० भागांत ६० ग्रे इतका किरणोपचार, त्यासोबत रोज टेमोझोलोमाईड आणि पुढे दर २८ दिवसांपैकी पाच दिवस तेच औषध, साधारण सहा फेऱ्या, असा क्रम असतो. वृद्ध रुग्णांसाठी तीन आठवड्यांत १५ भागांचा किरणोपचार पुरेसा ठरतो. सूज कमी करण्यासाठी डेक्सामेथासोन व फीट रोखण्यासाठी औषधे देतात. डोके भादरून त्यावर पट्ट्या चिकटवायच्या व त्यांतून क्षीण विद्युतक्षेत्र दिवसाचे किमान अठरा तास वाहू द्यायचे, असाही एक उपाय आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने मध्यक १६ वरून २०.९ महिन्यांवर गेला. मात्र तो अत्यंत महाग असून त्यासाठी बनावट उपकरणाचा तुलनागट नव्हता, यावरून तज्ज्ञांत मतभेद आहेत.

रोग परतणे हा नियमच आहे आणि तो बहुधा मूळ जागेच्या आसपास परततो. त्या वेळी पुन्हा शस्त्रक्रिया, लोमुस्टीन किंवा बेव्हासिझुमॅब यांचा विचार होतो. पण सर्वमान्य असा एक उपचार नाही.

संशोधनातील अपयशे व आशा

रक्तातील पदार्थ मेंदूत सहज शिरू न देणारी एक नैसर्गिक तटबंदी असते. तिला रक्त-मेंदू अवरोध म्हणतात. ती विषांप्रमाणेच औषधांनाही अडवते. दुसरी अडचण म्हणजे एकाच अर्बुदात निरनिराळ्या प्रकृतीच्या पेशी नांदतात. एक औषध एका गटाला मारते, दुसरा गट त्याची जागा घेतो. तिसरी अशी की हे अर्बुद शरीराच्या प्रतिकारसंस्थेला निष्प्रभ करून ठेवते.

बेव्हासिझुमॅब हे औषध नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखते. एमआरआयमध्ये त्याचा परिणाम सुखावणारा दिसे. २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले: रोग वाढण्यास विलंब झाला, पण आयुष्य वाढले नाही. निव्होलुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधाने त्वचेच्या कर्करोगात क्रांती घडवली, परंतु ग्लायोब्लास्टोमाच्या तीन मोठ्या चाचण्यांत त्याचा उपयोग झाला नाही.

रिंडोपेपिमट या लशीची कथा सर्वांत बोधक आहे. सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत लस घेतलेले रुग्ण पूर्वीच्या रुग्णांपेक्षा बरेच अधिक जगल्याचे दिसले. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने दोन गट पाडून चाचणी झाली. मुख्य विश्लेषणात लस मिळालेल्यांचा मध्यक सुमारे २० महिने निघाला आणि न मिळालेल्यांचाही सुमारे २०. लस कुचकामी होती. चाचणीसाठी निवडलेले रुग्णच मुळात सरस प्रकृतीचे होते, एवढेच. याच कारणाने डीसीव्हॅक्स-एल या दुसऱ्या लशीच्या २०२२ मधील निकालांकडे अनेक तज्ज्ञ साशंकतेने पाहतात. तिची तुलना त्याच चाचणीतील गटाशी न करता बाहेरच्या चाचण्यांतील रुग्णांशी केलेली होती.

नव्या दिशांपैकी एक विषाणूंची आहे. जपानने जून २०२१ मध्ये जी४७डेल्टा या बदललेल्या नागीण-कुळातील विषाणूला सशर्त व मुदतीची मान्यता दिली. दुसरी सीएआर-टी उपचाराची. यात रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांना कर्कपेशी ओळखण्यास शिकवून परत सोडतात. मार्च २०२४ मध्ये बोस्टनमधील तीन रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. काही दिवसांतच अर्बुदे नाट्यपूर्णरीत्या आक्रसली. मात्र दोघांमध्ये ती लवकरच पुन्हा वाढली. तिसरी दिशा तटबंदीच उघडण्याची आहे. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी कवटीत बसवलेल्या उपकरणातून ध्वनितरंग व शिरेतून सूक्ष्म बुडबुडे सोडून रक्त-मेंदू अवरोध तात्पुरता उघडला आणि एरवी मेंदूत न पोहोचणारे औषध आत नेले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला तो अभ्यास सुरक्षितता पाहण्यापुरता, १७ रुग्णांवरचा होता.

सर्वांत अनपेक्षित शोध २०१९ मधला. अमेरिकेत मिशेल मोनजे आणि जर्मनीत फ्रँक विंकलर यांच्या गटांनी दाखवले की ग्लायोमाच्या पेशी निरोगी चेतापेशींशी प्रत्यक्ष जोडण्या करतात आणि त्यांचे विद्युतसंदेश स्वतःच्या वाढीसाठी वापरतात. मेंदूचे काम हेच रोगाचे खाद्य बनते. उंदरांवरील प्रयोगांत फीट थांबवणाऱ्या पेरॅम्पॅनेल या औषधाने ही वाढ मंदावली. या कार्यासाठी दोघांना २०२५ चा ब्रेन प्राइझ मिळाला. माणसांवरील चाचण्या सुरू झाल्या आहेत. त्यांचे उत्तर काय येईल, हे रिंडोपेपिमटच्या अनुभवानंतर कोणी आधी सांगू धजत नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय आणि त्याचे खारघर येथील संशोधन केंद्र येथे या रोगावर उपचार व अभ्यास होतो. टेमोझोलोमाईड भारतीय कंपन्या बनवतात, त्यामुळे ते मूळ औषधापेक्षा स्वस्त पडते. खरी अडचण अंतराची आहे. विदर्भ, मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबाला सहा आठवडे शहरात राहावे लागते आणि सोबतच्या नातेवाइकाचा रोजगार तितके दिवस बुडतो. दादर येथील गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा कुटुंबांना अल्प दरात आसरा देते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने वृद्ध व अशक्त रुग्णांवर केलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका आठवड्याचा किरणोपचार तीन आठवड्यांच्या तुलनेत कमी पडला नाही. दूरवरून येणाऱ्या अशा रुग्णाचे दोन आठवडे त्यामुळे घरी जातात.

रोग वाढत जाताना रुग्णाची वाणी व निर्णयशक्ती क्षीण होते. म्हणून उपचार कुठवर घ्यावेत, चाचणीत सहभागी व्हावे की नाही, बँकेचे व मालमत्तेचे व्यवहार कोणाकडे सोपवावेत, या गोष्टी त्याच्याशी निदानानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, तो स्पष्ट बोलू शकत असतानाच, बोलून घ्याव्यात असे या क्षेत्रातील डॉक्टर सांगतात. वेदनाशमन व शुश्रूषा करणाऱ्या पॅलिएटिव्ह विभागाकडेही अखेरच्या दिवसांत नव्हे, तर त्याच सुमारास जाणे हितावह असते.